माणसाला गुण की सिनेमाला? जागल्यांच्या माहितीपटांची समीक्षा कशी वाचायची

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा शनिवार होता. जळगावात पारा ४४ वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या कॉलनीतल्या वाचनालयात खिडक्यांना चादरी बांधल्या, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं आणि भिंतीवर प्रोजेक्टर लावून आम्ही दहा-बारा जणांनी एक अमेरिकन माहितीपट पाहिला. इंग्रजी फार जोरात पळायला लागलं की मी थांबवायचो आणि मराठीत सांगायचो. पहिल्या रांगेत नाना बसले होते. शिपाई म्हणून भरती झालेले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त. ३३ वर्षं खाकीत गेली.

सिनेमा संपल्यावर भाचीनं मोबाइल पुढे केला. तिनं समीक्षा आधीच वाचून ठेवल्या होत्या. म्हणाली, “मामा, सगळे म्हणतात सिनेमा महत्त्वाचा आहे, धाडसी आहे. पण चांगला आहे का, ते कुणी सरळ सांगतच नाही.”

पोरीनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. खात्यातल्याच माणसानं, म्हणजे जागल्यानं, खात्याचं बिंग फोडलं आणि त्याच्यावर माहितीपट निघाला, की समीक्षा वाचताना हा घोळ होतोच. कौतुक चाललंय ते त्या माणसाचं की त्याला पडद्यावर आणणाऱ्याचं? तिला त्या दुपारी जे तुकड्यातुकड्यानं सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहितो.

आधी सिनेमा. नाव ‘क्राइम + पनिशमेंट’. मधलं अधिकचं चिन्ह विसरलात तर शोधताना थेट दोस्तोयेव्हस्कीच्या त्याच नावाच्या रशियन कादंबरीच्या दारात जाऊन उभे राहाल. दिग्दर्शक स्टीफन मेंग. न्यूयॉर्क पोलीस दलातल्या १२ जणांनी आपल्याच खात्याविरुद्ध कोर्टात दावा लावला, त्याची ही गोष्ट. सगळे कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो. त्यांचं म्हणणं असं, की महिन्याला इतक्या अटका आणि इतके समन्स झालेच पाहिजेत असा दबाव वरून येतो, आणि तो आकडा भरायला गरीब, काळ्या-सावळ्या वस्त्यांतली पोरं उचलली जातात. न्यूयॉर्क राज्यानं असा कोटा २०१० मध्येच कायद्यानं बंद केला होता. खात्याचं उत्तर कायम एकच राहिलं : आमच्याकडे कोटा नाही.

समन्स म्हणजे आपल्याकडच्या दंडाच्या पावतीचा थोरला भाऊ. रस्त्यात उघडी बिअर धरली, बागेत उशिरा थांबलात, की हातात कागद : अमुक तारखेला कोर्टात हजर राहा. गेला नाहीत तर वॉरंट. आणि वॉरंट असलं की पुढच्या वेळी साध्या चौकशीतही बेड्या. उघडपणे बोलणाऱ्यांपैकी एका अधिकाऱ्यानं या हिशेबाला दिलेला आकडा तिकडे प्रसिद्ध आहे : महिन्याला २० समन्स आणि १ अटक.

कोटा म्हणजे काय ते समजावायला मी तोंड उघडलं, तर नानांनी हात वर केला. “टार्गेट म्हणा ना सरळ. मार्चअखेर आला की ११०-११७ च्या केसेस कशा वाढतात, आम्हाला नका सांगू.” पूर्वीच्या मुंबई, आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याची ही कलमं, रस्त्यावरच्या किरकोळ बेशिस्तीची. मग आखाजीचा विषय निघाला. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि गडी माणसं पारावर पत्ते कुटतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारासुद्धा त्या दिवशी बसतो. नाना हसले. “पीक उभं असतं हो. कापायला कुणीही जावं.”

सिनेमातला मुख्य माणूस एडविन रेमंड. ब्रुकलीनचा, डोक्यावर जटा, बोलणं मऊ आणि मोजून मापून. परीक्षेत वर नंबर आलेला, तरी सार्जंटची बढती अडलेली. तो वरिष्ठांशी झालेली बोलणी गुपचूप रेकॉर्ड करतो. हीच रेकॉर्डिंग सिनेमाचा कणा आहेत. पडद्यावर बहुतेक वेळा काही घडतच नाही. एक बंद खोली, खरखरणारा आवाज, आणि त्यात एखादा साहेब अगदी समजुतीच्या सुरात सांगतोय, की बाबा, तुझा आकडा कमी पडतोय.

दुसरा एक अधिकारी आहे, त्याला शिक्षा म्हणून एका कोपऱ्यावर पायी गस्तीला उभं करतात. गाडी नाही, जोडीदार नाही. कॅमेरा त्याच्याकडे रस्त्यापलीकडून बघत राहतो. तो वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकतो, घड्याळ बघतो, पुन्हा टाकतो. इथे नानांनी पुटपुटून घेतलं, “हाई ते आपलंच शे.” आपल्याकडे कंट्रोल रूमला जमा करतात, मुख्यालयाला गार्ड ड्युटीवर टाकतात, एखाद्याच्या मागे कसुरी अहवालांची माळ लावतात. कागदावर कुठेही ‘शिक्षा’ हा शब्द येत नाही.

तर हा सिनेमा जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हुलू या ऑनलाइन सिनेमे दाखवणाऱ्या सेवेवर गेला. समीक्षकांनी उचलून धरला. सनडान्सला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, पण त्या पुरस्काराचं पूर्ण नाव वाचायला हवं : सामाजिक परिणाम साधणाऱ्या चित्रपटासाठी. पुढे ऑस्करच्या १५ माहितीपटांच्या पहिल्या यादीत तो होता. अंतिम पाचांत नव्हता. या एवढ्या वाटचालीतच भाचीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. सिनेमा हवा होता, गरजेचा होता, हे सगळ्यांना मान्य. कलाकृती म्हणून तो वर्षातल्या पाचांत बसतो का, यावर मात्र एकमत नव्हतं.

‘महत्त्वाचा’ हा शब्द समीक्षेत आला की मी जरा सावध होतो. स्थळ बघून आल्यावर मावशी म्हणते, “मुलगा स्वभावानं फार चांगला आहे हो,” तेव्हा बाकी घर काय समजायचं ते समजतं. समीक्षकाला विषयाबद्दल आदर असतो, जीव धोक्यात घातलेल्या माणसाच्या सिनेमाला ‘लांबला’ म्हणायला जीभ रेटत नाही. मग तो ‘महत्त्वाचा’, ‘वेळेवर आलेला’, ‘अस्वस्थ करणारा’ अशा शब्दांनी वाट काढतो. खोटं बोलत नाही. पण अर्धंच बोलतो.

यात भर टक्क्यांची. समीक्षा गोळा करणाऱ्या साइटवर एखाद्या माहितीपटापुढे ९५ वगैरे टक्के दिसतात आणि आपल्याला वाटतं, शंभरापैकी ९५ गुण. रॉटन टोमॅटोजचा आकडा तसा नसतो. दहा जणांना वांग्याचं भरीत वाढलं आणि दहाही जण म्हणाले, “बरं झालंय, खाल्लं,” तर त्यांच्या हिशेबानं ते भरीत १०० टक्के. कुणाचीही बोटं चाटायची वेळ आली नसली तरी. किती समीक्षकांचा कौल एकूण बरा, एवढंच तो आकडा सांगतो. किती बरा, हे सांगत नाही. मेटाक्रिटिक या दुसऱ्या साइटचा हिशेब वेगळा : तिथे प्रत्येकाचे गुण घेऊन भारित सरासरी काढतात. जागल्यांच्या सिनेमांना पहिल्या पद्धतीत नेहमीच फायदा होतो, कारण त्यांना सपशेल वाईट म्हणणारा समीक्षक मिळणं कठीण.

जागल्या हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. व्यवस्थेच्या आत राहून तिची लबाडी चव्हाट्यावर आणणाऱ्याला मराठी वर्तमानपत्रांनी हा शब्द दिला, आणि खानदेशी माणसाला तो परका नाही. गावोगावचे जागले इथे बहुतेक भिल्ल असत. रात्री गावाला फेरी घालायची, चोराचा माग काढायचा, हाळी द्यायची. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला, १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. जागल्याची रीत मात्र त्याच्याही आधीची. म्हणजे आपला जागल्या मुळात पोलीसच. बाहेरून बोंब मारणारा तो नव्हे. गावाच्या भाकरीवर जगणारा, गावाचाच माणूस. चोर पाटलाच्या वाड्यातून निघाला तर त्यानं हाळी द्यायची की नाही, एवढाच प्रश्न.

न्यूयॉर्कच्या सगळ्यांत नावाजलेल्या पोलीस जागल्यालाही शिट्टी वाजवणारा (इंग्रजीतला ‘व्हिसलब्लोअर’) म्हटलेलं आवडत नाही. फ्रँक सर्पिको स्वतःला ‘दिवा लावणारा’ म्हणवतो. १९५९ मध्ये तो दलात आला. हप्ता घेईना, म्हणून सहकाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागला. वरिष्ठांकडे वर्षानुवर्षं खेटे घातले, काही हाललं नाही. शेवटी एप्रिल १९७० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पहिल्या पानावर बातमी छापली आणि महापौर लिंडसे यांना चौकशी आयोग नेमावा लागला, तोच नॅप आयोग. ३ फेब्रुवारी १९७१ ला ब्रुकलीनमध्ये अमली पदार्थांच्या धाडीत सर्पिकोच्या तोंडावर गोळी लागली. सोबतच्या पोलिसांनी ‘आपला माणूस पडला’ हा संदेश दिलाच नाही. फोन केला तो इमारतीतल्या एका म्हाताऱ्यानं. सर्पिको वाचला, एका कानानं बहिरा झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयोगापुढे साक्षीला उभा राहिला. या आयोगानं भ्रष्ट पोलिसांची केलेली वर्गवारी अजून वापरात आहे : गवत खाणारे आणि मांस खाणारे. समोर आलं ते चरणारा पहिला, शिकारीला निघणारा दुसरा. नानांना ही वर्गवारी एवढी आवडली, की त्यांनी ती दोनदा म्हणून बघितली.

सर्पिकोवर अल पचिनोचा सिनेमा १९७३ मध्येच आला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यावरचा माहितीपट मात्र २०१७ मध्ये ट्रायबेका महोत्सवात दिसला. दिग्दर्शक अँटोनिनो डी’अँब्रोसिओ. तोवर सर्पिको ८१ वर्षांचा. तो स्वतःच सगळं सांगतो, जुन्या जागा फिरवून दाखवतो, जिथे गोळी लागली तिथेही नेतो. माणूस गप्पिष्ट, नाटकी, मिश्कील. त्याच्यावरची नजर हटत नाही.

आता हे दोन सिनेमे शेजारी ठेवले की समीक्षकाची अडचण नीट दिसते. दोन्हींत शहर तेच, खातं तेच, ‘आपल्या माणसाविरुद्ध बोलायचं नाही’ ही भिंतही तीच. पण एक सिनेमा शेतात पाऊस पडत असताना काढलाय आणि दुसरा पावसाच्या आठवणींवर. सर्पिकोच्या सिनेमात साक्षीदार तो, निवेदक तो, नायकही तो. दिग्दर्शकाला त्याच्याबद्दल प्रेम आहे आणि ते लपत नाही. समीक्षाही बऱ्याचशा त्याच्याच व्यक्तिमत्त्वाभोवती फिरतात, आणि मला वाटतं ते साहजिक आहे : सिनेमानं दुसरं फारसं हाताला लागूच दिलेलं नाही. माणसाला दहापैकी दहा, सिनेमाला माझ्याकडून सहा.

मेंगच्या सिनेमात उलट आहे. पुढे काय होणार, हे चित्रण करणाऱ्यालाही माहीत नाही. एक अधिकारी गरोदर आहे, तिच्या ड्युट्या बघून पोटात गोळा येतो. ब्राँक्समधला एक कोवळा मुलगा रायकर्स बेटावरच्या तुरुंगात अडकलाय, त्याची आई खेटे घालतेय, आणि खात्यातून बाहेर पडलेला एक खासगी गुप्तहेर त्याच्या केसमागे धावतोय. धागे खूप. शहरावरून घारीसारखा फिरणारा कॅमेरा परत परत येतो. पहिल्यांदा सुंदर वाटतं, पाचव्यांदा वाटतं की संपादकाला श्वास घ्यायला जागा हवी होती. गर्दी झालीय, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण त्या गर्दीमुळेच हे एका संताचं चरित्र होत नाही.

मग दुसरी बाजू? हा आक्षेप अशा प्रत्येक सिनेमावर येतो आणि तो घाईनं झटकू नये. खात्याचे वरिष्ठ इथे दिसतात ते पत्रकार परिषदांत आणि बातम्यांच्या तुकड्यांत. पण गुप्त रेकॉर्डिंगमध्ये वरिष्ठच बोलतायत, तेही कुणी ऐकत नाही असं समजून. दुसरी बाजू याहून अस्सल कुठून आणायची? चांगला समीक्षक इथे वेगळा प्रश्न विचारतो : रेकॉर्डिंग किती मिनिटांची, त्यातला कोणता तुकडा निवडला, आधी-नंतर काय बोललं गेलं. आवाज खरा असला तरी कापणारी कात्री दिग्दर्शकाचीच असते. नानांनी हे त्यांच्या पद्धतीनं सांगितलं. “स्टेशन डायरीत लिहिलेलं खोटं नसतं. पण काय लिहायचं नाही, ते ठाणे अंमलदार ठरवतो.”

आकड्यांच्या बाबतीतही जपून वाचावं लागतं. जानेवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्क शहरानं साडेसात कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली; सुमारे ९ लाख समन्स पुरेशा कायदेशीर आधाराशिवाय दिल्याचा तो दावा होता. सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्याला वाटतं, हे १२ जण जिंकले. तो दावा वेगळा होता, नागरिकांचा. शिवाय तडजोड म्हणजे कबुली नव्हे. वाचकाला हा फरक जी समीक्षा सांगते, तिच्यावर मी पुढच्या वेळीही विश्वास ठेवतो.

शेवट तुटक वाटतो, अशीही तक्रार अशा सिनेमांबद्दल ठरलेली. त्यावर जळगावकरानं तरी फार कुरकुर करू नये. आपल्या घरकुल प्रकरणाची, म्हणजे गरिबांच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्याची, फिर्याद तेव्हाच्या महापालिका आयुक्तांनी २००६ मध्ये दिली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. तेरा वर्षं. एवढ्यात शाळेत बसवलेलं पोर कॉलेजात जातं. कुणी त्यावर माहितीपट करायला घेतला असता तर कॅमेरा कुठल्या वर्षी बंद केला असता? कोर्टाचं घड्याळ आणि सिनेमाचं घड्याळ यांचं जमत नाही, म्हणून असे सिनेमे मध्येच थांबतात. त्याला दोष द्यायचा की नाही, हे तो कुठे थांबला यावर ठरवावं.

भाचीचा पुढचा प्रश्न होता, आपल्याकडे असा सिनेमा का नाही. इच्छाशक्ती वगैरे सोडून द्या, आधी कागद बघा. १९६६ च्या केंद्रीय कायद्यानुसार पोलीस दलातल्या माणसाला परवानगीशिवाय वर्तमानपत्रांशी बोलता येत नाही, लिखाण छापता येत नाही. निखळ साहित्य, कला, विज्ञानापुरती सूट आहे. वर महाराष्ट्राचे १९७९ चे वर्तणूक नियम आहेतच. म्हणजे रेमंडनं कॅमेऱ्यासमोर काढलेला प्रत्येक दिवस आपल्याकडे आधी विभागीय चौकशीचा विषय झाला असता. समीक्षक ज्याला ‘विलक्षण जवळीक’ म्हणतात, ती फक्त दिग्दर्शकाच्या गोड बोलण्यानं मिळत नाही. तिकडे त्या १२ जणांच्या हातात निदान कोर्टात दाखल झालेला दावा होता.

आणि संरक्षण? सत्येंद्र दुबे या महामार्ग प्राधिकरणाच्या अभियंत्यानं रस्त्यांच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. त्यानंतर देशभर आरडाओरडा झाला, २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करण्याची सोय झाली, आणि २०१४ मध्ये संसदेनं जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची सही झाली. तो अमलात आणणारी अधिसूचना मात्र वर्षामागून वर्षं गेली तरी निघाली नाही. नानांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग आमच्यातला कुणी बोलला नाही, तर भेकड म्हणू नका.” मी म्हटलं नव्हतंच.

एव्हाना कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसती गरम हवा फेकत होता. पोरं चादरी सोडायला लागली. भाचीनं वहीत काय लिहिलंय ते मी डोकावून पाहिलं : सिनेमाला साडेसात, रेमंडला नऊ, आणि खाली कंसात ‘ड्रोनचा अर्धा गुण कापला’. मला साडेसात जरा जास्तच वाटले, पण वही तिची होती.

नाना चपला शोधत दारापाशी थांबले. “त्या जटावाल्या पोराचं पुढे काय झालं?”

“सार्जंट झाला. मग लेफ्टनंट. २०२३ मध्ये पुस्तकही आलं त्याचं.”

“चांगलं झालं.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “आणि बाकीचे अकरा?”

मी भाचीकडे पाहिलं. तिनं मोबाइलवर समीक्षा खालपर्यंत सरकवल्या, पुन्हा वर आणल्या. रेमंडचं नाव प्रत्येकीत होतं.